छप्पर दुरुस्त झालं त्या वर्षी

डेसे शहराच्या वरच्या अंगाला, निलगिरीच्या रांगेपलीकडं आमची शाळा.
एकोणीस वर्षं मी तिथं पदार्थविज्ञान शिकवते.
आमची घड्याळं सूर्याबरोबर चालू होतात,
पहिल्या तासाला दोन वाजलेले असतात
आणि थंडीनं खडू बोटांत ठरत नाही.

आधीच्या मुख्याध्यापिका, वैझरो अस्नाकेच,
कॉफीशिवाय काही ठरवत नसत.
पहिल्या कपाचं नाव अबोल,
आणि बोलणं सगळ्यात जास्त त्यावरच.
दुसऱ्यावर भांडण.
तिसरा, पाणचट, घशाखाली उतरेपर्यंत
काहीतरी ठरायचं,
किंवा नाही ठरायचं.
खोटं कशाला बोलू, चार वर्षं छप्पर गळत होतं.
प्रयोगशाळेत सात बादल्या,
आणि आठवी कुठं ठेवायची
यावरही त्यांनी आमची मतं घेतलेली.

मग मेस्केरेम महिन्यात आतो दाग्नाचेव आले.
आठ दिवसांत नवे पत्रे.
आम्ही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.
नवव्या दिवशी फळ्यावर वेळापत्रक लागलं,
खाली जांभळा शिक्का.

वुबशेतला पहिला तास.
अकरा वर्षं त्याला पहिला तास नसायचा.
का, ते कुठल्या फायलीत नव्हतं.
त्याची आई आंधळी आहे,
सकाळी चूल तो पेटवतो,
तिच्या हातात भाकरीसारखी जाड इंजेरा देतो, दार ओढतो, मग निघतो.
हे अस्नाकेचना माहीत होतं
जसं कुणाचा गुडघा दुखतो ते घरात माहीत असतं.

पहिल्या आठवड्यात तीन लाल रेघा.
पगारातून कापले.
तो भांडला नाही. शेजारच्या पोरीला पैसे देऊन
वेळेवर यायला लागला.
आतो दाग्नाचेव म्हणाले, बघा, शिस्त लागते.

लागली.
फक्त शाळा सुटल्यावर
निलगिरीखाली पाचसहा पोरं घेऊन
सुतळी आणि काटकीनं मातीत वर्तुळं काढत बसायचा,
ते आता नाही.
शेवटची घंटा, की कोट खांद्यावर.
यात नियमाबाहेरचं काय?

माझंही तेच.
घरून आणलेली भिंगं मी घरी नेली.
शिताये वर्गात कविता वाचताना रडायची,
आता नुसती वाचते.
हजेरी तीच, निकाल तेवढाच.
जे कुणी मागितलं नव्हतं
तेवढंच कमी झालं,
आणि न मागितलेल्याची नोंद ठेवणार कोण?

मग वरून एक तक्ता आला:
आपण कामात समाधानी आहात का? एक ते पाच.
साहेब स्वतः उभे राहून गोळा करत होते.
शिताये कानात म्हणाली, पाच टाक, लवकर सुटू.
मी चार टाकले.
उरलेला एक घरी नेला,
रात्रभर उशाशी होता.

गेल्या मंगळवारी घंटेची दोरी तुटली.
घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची लोखंडी कड,
पडली ती थेट गोट्यांवर, गडगडत फाटकापर्यंत.
सहाशे मुलं मैदानात. वेळापत्रक फळ्यावर
आणि ते कुणाला ऐकू येईना.
आतो दाग्नाचेव दारात उभे. नवेकोरे बूट, चिखल.
माझ्याकडं वळून म्हणाले,
आता काय करावं, तुम्हाला काय वाटतं?

खरं सांगते, मला उत्तर सुचेना.
वर्षभर जीभ वापरलेली नव्हती या कामासाठी.
वाटलं, म्हणावं, ठरवा की तुम्हीच.
ओठांवर आलंही होतं.

म्हटलं, वुबशेतला विचारा.
त्याला गाठ मारता येते.

ते गेले, चिखलातून, स्वतः.
काय बोलणं झालं ते इथवर आलं नाही.
वुबशेतनं खिशातून सुतळी काढली,
(अजून ठेवतो म्हणजे!)
तिहेरी करून पीळ दिला.

घंटा सतरा मिनिटं उशिरा झाली.
त्या दिवशी लाल रेघ कुणालाच नाही.
बुधवारी होती, पुन्हा.
पण एकच.